टोक स्वच्छ होतं

समजा, तुमच्या हातात पोलादाचा एक लहानसा तुकडा दिला आहे. अंगठ्याच्या नखाएवढा. धरायला सोपं जावं म्हणून तो काळ्या बेकेलाइटच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, वडीत घट्ट बसवलेला आहे. तुमच्यासमोर पाण्याने ओला केलेला पॉलिश पेपर आहे. वडी उलटी धरा, पेपरवर टेकवा आणि पुढे-मागे घासा. जोर लावू नका. जोर लावला की एक बाजू खाली जाते आणि तुकडा तिरका घासला जातो. सगळे ओरखडे एका दिशेला आले की आधीपेक्षा बारीक पेपर घ्या, वडी काटकोनात फिरवा आणि पुन्हा घासा. जुने ओरखडे पूर्ण गेले पाहिजेत. असे चार-पाच पेपर झाले की मखमली कापड लावलेलं फिरतं चाक. त्यावर अ‍ॅल्युमिनाच्या भुकटीचं दुधासारखं पाणी सोडायचं आणि वडी हलक्या हाताने धरून ठेवायची. थोड्या वेळाने तुकड्यात तुमचाच डोळा दिसायला लागेल.

पण काम संपलेलं नाही. हे पोलाद ओतलेलं नाही. लोखंडाची पावडर साच्यात दाबून, मग भट्टीत भाजून ते केलेलं आहे. भाजताना लोखंड वितळू द्यायचं नसतं, फक्त कण एकमेकांना चिकटतील इतकं तापवायचं. यालाच सिंटरिंग म्हणतात. अशा पोलादाच्या पोटात बारीक भोकं राहतात. तुम्ही घासत असताना मऊ लोखंड दुधावर साय यावी तसं त्या भोकांवर पसरतं आणि भोकं झाकली जातात. मग माल आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. म्हणून अ‍ॅसिडचा हलका हात द्यायचा, साय काढायची, पुन्हा चाकावर धरायचं. भोकं जशी आहेत तशी उघडी पडली की स्पिरिटने धुवायचं, हेअर ड्रायरने वाळवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं.

हे सगळं तुम्हाला जमेल. हाताला सवय लागली की कुणालाही जमतं. अवघड गोष्ट याच्या आधीच होऊन गेलेली असते. अख्ख्या पार्टमधून हा नखाएवढा तुकडा तुम्ही कुठून कापला?

नीला घाडीगावकर तो टोकावरून कापत आल्या. मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला, एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पावडरपासून लहान पार्ट बनवणारा कारखाना आहे. गिअर, बुश, खटके, असं काहीबाही. तिथल्या लॅबमध्ये त्या पंचविशीत लागल्या, आता पन्नाशीला आल्यात. त्यांना हे काम विमला मॅडमनी शिकवलं. विमला मॅडम केव्हाच निवृत्त होऊन दहिसरला मुलीकडे गेल्या, पण त्यांचं एक वाक्य लॅबमध्ये राहिलं: “पोलादाचा रोग कडेने येतो गं.” आणि ते खरं होतं. भट्टीतला वायू बिघडला की आधी कडेचा कार्बन जळतो. पार्ट जिथे पातळ असतो तिथे सगळ्यात आधी मऊ पडतो. म्हणून टोक कापायचं, टोक बघायचं. टोक चांगलं तर आतलं चांगलं. इतकी वर्षं हा नियम कधी चुकला नाही.

नीलाताईंना दुसरी एक सवय होती. त्या घासताना मोजत नसत, भजनाचा ठेका धरत. ओठ हलायचे नाहीत, पण हात पुढे जाताना एक मात्रा आणि मागे येताना दुसरी. मी लॅबमध्ये लागलो तेव्हा मला वाटलं, ही बाई मनात काहीतरी जपतेय. विचारलं तर म्हणाल्या, “जप कसला? सुयोगचा पखवाज आहे तो.”

सुयोग त्यांचा धाकटा भाऊ. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर लालबागची खोली सोडून सगळे मुलुंडला एका चाळीत आले. आई लवकर गेली. नीलाताईंचं लग्न झालं होतं, पण दोन वर्षांतच त्या माहेरी परतल्या. का, ते त्या सांगत नाहीत. तेव्हापासून त्या भावाबरोबरच राहतात. चाळीच्या खाली सिंधुदुर्गातल्या माणसांचं भजनी मंडळ जमायचं. त्या काळी मंडळात बायका बसत नसत. नीलाताई जिन्यावर बसून ऐकायच्या आणि सगळा ठेका त्यांना तोंडपाठ झाला. सुयोग आठ-नऊ वर्षांचा असताना त्यांनी त्याचा हात धरून त्याला मंडळाच्या बुवांसमोर नेऊन बसवलं आणि सांगितलं, “ह्याका शिकवा. हात बरो हा त्याचो.” बुवांनी शिकवलं. पुढे डबलबारीच्या सामन्यांना, दोन बुवा समोरासमोर बसून रंगवतात त्या भजनांना, सुयोगचं नाव घेऊन लोक यायला लागले. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लागते, ती नीलाताईच मळून डब्यातून द्यायच्या. दीप्ती सुयोगची बायको म्हणून घरात आल्यावर तिने एकदा ते काम स्वतःकडे घेऊ पाहिलं. सुयोग म्हणाला, “तुझी कणीक चपातीची. ताईची पखवाजाची.” दीप्ती हसली आणि तिने ते काम सोडून दिलं.

पोटासाठी सुयोग मुलुंडमध्येच एका कागदाच्या गोदामात सुपरवायझर होता.

बोरॉन लॅबमध्ये आलं ते गंधालीबरोबर. गंधाली सव्वीस वर्षांची, धातुशास्त्राची इंजिनिअर, सतत काहीतरी वाचणारी. कारखान्याला तेव्हा शटरच्या गिअरबॉक्सचे खटके बनवायचं काम मिळालं होतं. मोठ्या गाळ्यांची शटर साखळीने वर-खाली करतात. साखळी सोडली तरी शटर जिथल्या तिथे थांबावं म्हणून आत दातेरी चाक असतं आणि त्या दात्यांत अडकणारा एक बोटभर खटका. अख्ख्या शटरचं वजन त्या खटक्यावर असतं. ग्राहकाला तो अधिक घट्ट, कमी भोकांचा हवा होता, पण नेहमीच्या पावडरीतून तेवढी घनता येत नव्हती.

“नीलाताई, बोरॉन म्हणजे काय माहितीये?” गंधालीने पहिल्याच दिवशी विचारलं.

“कॅरमची पावडर.”

“ती बोरिक. ह्याची चुलत बहीण समजा.”

“झुरळांवर पण टाकतात ती.”

“इथे लोखंडावर टाकायचीये,” गंधाली हसत म्हणाली. “म्हणजे चुलत बहीण नाही, बोरॉनच. आणि अगदी थोडं. शंभरात अर्धासुद्धा नाही. भट्टीत लोखंड आणि बोरॉन मिळून एक पातळ द्रव होतो, लोखंड स्वतः वितळायच्या खूप आधी. तो कणांच्या मधून झिरपतो आणि भोकं बुजवतो. रव्याच्या लाडवात पाक मुरतो ना, तसा.”

“आणि पाक जास्त झाला तर?”

“तर वाट लागली,” गंधाली म्हणाली. “थंड झाल्यावर तो द्रव कडक होतो. दाण्यांच्या भोवती पांढरं जाळं धरतो. थोडं तुटक-तुटक असेल तर चालतं. सलग झालं तर पार्ट वजन पेलतो, पण झटका बसला की काचेसारखा जातो. तुम्ही मला तेच बघून द्यायचंय. जाळं.”

पहिल्या खेपा झकास झाल्या. बोरॉन कमी ठेवलं होतं, त्याच पावडरीच्या पट्ट्या करून त्या हातोडा आपटून तोडायच्या चाचणीला बाहेरच्या लॅबमध्ये पाठवल्या आणि निकाल चांगला आला. मॅनेजर सुबोधसर खूश. पण मोठ्या प्रमाणावर माल काढायला लागल्यावर घनता थोडी कमी पडू लागली. गंधालीने बोरॉन जरासं वाढवलं. घनता आली. कडकपणा आला. वाढवलेल्या प्रमाणाच्या पट्ट्याही पुन्हा तोडून बघायला हव्या होत्या, पण बाहेरच्या लॅबमधलं मशीन दुरुस्तीला गेलं होतं आणि ग्राहक रोज फोन करत होता.

“तुला नक्की कशाची भीती वाटते?” सुबोधसरांनी गंधालीला विचारलं.

“जाळ्याची.”

“मग जाळंच बघा ना. नसेल तर पाठवू, असेल तर थांबू. सरळ आहे.”

ते सरळच होतं. नीलाताईंनी पेटीतून खटका उचलला, टोक कापलं, वडी केली, घासली, साय काढली, अ‍ॅसिड दिलं, बघितलं. करडे दाणे, एकमेकांना खेटून बसलेले. भोकं जवळपास नाहीतच, जी होती ती गोल आणि दूर-दूर. पांढरं काही नाही. त्यांनी गंधालीला बोलावलं. गंधालीने डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

“कसलं सुंदर आहे हो,” ती म्हणाली.

“टोक स्वच्छ आहे,” नीलाताई म्हणाल्या. पुढच्या पेटीतूनही एक काढला. तोही तसाच. प्रत्येक पेटीतला तसाच. माल गेला. गंधालीने पेढे आणले. नीलाताईंनी एक पेढा कागदात गुंडाळून घरी नेला आणि सुयोगला दिला. “कसले?” त्याने विचारलं. “आमचं पोलाद पास झालं,” त्या म्हणाल्या.

सात-आठ महिने गेले. नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात एका दुपारी गोदामातून नीलाताईंच्या मोबाइलवर फोन आला. सुयोग शटरखाली वाकून अडकलेला पुठ्ठा काढत होता. शटर अर्ध्यावर थांबवलेलं होतं. कुणीतरी थोडं वर घेतलं आणि साखळी सोडली. ती थोडी झटक्यात सुटली, रोज सुटते तशीच. शटर थांबायला हवं होतं. ते थांबलं नाही. सुयोगने अंग मागे घेतलं, पण उजवा हात खालीच राहिला.

दवाखान्यात डॉक्टरांनी प्रयत्न केले. तर्जनी, मधलं आणि त्याच्या शेजारचं, तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. शुद्धीवर आल्यावर सुयोगने हाताकडे बघितलं नाही, दीप्तीकडे बघितलं आणि विचारलं, “कुठली कुठली?” दीप्तीला सांगता येईना. नीलाताईंनी सांगितलं. तो “बरं” म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं.

नीलाताई दुसऱ्या दिवशी त्याचा डबा आणि चपला आणायला गोदामात गेल्या. शटरवाला मेकॅनिक शिडीवर चढून गिअरबॉक्स बसवत होता. खाली त्याचं झाकण पडलं होतं. त्यावर ज्या ग्राहक कंपनीसाठी आमचा कारखाना खटके करतो तिचाच शिक्का होता.

“दादा, काय तुटलं होतं?” त्यांनी विचारलं.

“खटका. मधोमध तुटला. बिस्किट तुटावं तसा.”

“कुठाय तो?”

“भंगाराच्या डब्यात असंल. कशाला पायजे?”

त्यांनी डब्यात हात घातला. जुने नट, स्प्रिंगा, तारेचे तुकडे, ग्रीसने माखलेलं. दोन तुकडे मिळाले, एक टोकाचा आणि एक मुळाचा. त्यांनी पदराने पुसले. मेकॅनिक वरून बघत होता. “बाई, साडी गेली तुमची,” तो म्हणाला. ग्रीसचा डाग निघत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

ते तुकडे त्यांच्या पर्समध्ये चार-पाच दिवस पडून राहिले. त्या कामावर यायच्या, दुसऱ्या पार्टच्या वड्या करायच्या, संध्याकाळी दवाखान्यात जायच्या. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं: हा खटका आपल्या कारखान्यातला आहे का, आणि असेल तर आपण पास केलेला आहे का. आणि तेच जाणून घ्यायला हात पुढे होत नव्हता. खटक्यासारखे खटके दुसरीकडेही बनतात. गिअरबॉक्सवाले दोघा-तिघांकडून माल घेतात. कदाचित तो दुसऱ्या कुणाचा असेल. न कापता ठेवला तर तो दुसऱ्या कुणाचा असू शकत होता.

शेवटी त्यांनी सुबोधसरांना सांगितलं. सुबोधसर खुर्चीत मागे टेकले.

“ताई, तुमच्या घरात झालंय ते वाईटच आहे. पण हे कशाला उकरताय? मेकॅनिकने ग्रीस घातलं नसेल, साखळी झटक्यात सोडली असेल, शटर ओव्हरलोड असेल. हजार कारणं असतात.”

“असतील ना सर.”

“मग?”

“मग त्यातलं कुठलं, तेवढंच बघायचंय.”

गंधाली दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती कापायच्या मशीनकडे गेली आणि पाणी चालू केलं.

नीलाताईंनी सवयीने टोकाचा तुकडा उचलला. गंधाली म्हणाली, “तो नंतर. तुटलाय तिथे कापू. मुळाशी.” मुळाची बाजू जाड होती. कापायला वेळ लागला. वडी झाली, पेपर झाले, चाक झालं. त्या दिवशी नीलाताईंच्या हातात ठेका नव्हता. नुसतं घासणं होतं. दोनदा तुकडा तिरका गेला, दोनदा पहिल्या पेपरपासून सुरुवात करावी लागली.

अ‍ॅसिड दिल्यावर आधी त्यांनी बघितलं. मग त्या बाजूला झाल्या आणि गंधालीला जागा दिली.

प्रत्येक दाण्याभोवती पांढरी रेघ होती. बारीक, गुळगुळीत, सलग. कुठे खंड नाही. एका दाण्याची रेघ दुसऱ्याच्या रेघेत मिसळत होती आणि अख्खा तुकडा त्या रेघांनी विणलेला होता. तुटलेली कड त्या पांढऱ्या वाटेनेच गेली होती, दाण्याला न शिवता, कडेकडेने. हा त्यांचाच माल होता. असं बोरॉन घातलेले खटके दुसरं कुणी करत नव्हतं.

मग त्यांनी टोकाची वडी केली. तीच पावडर, तीच भट्टी, एकाच खटक्याचे दोन भाग. टोक स्वच्छ होतं. करडे दाणे, गोल भोकं, पांढरं काही नाही.

“असं कसं गं?” नीलाताईंनी विचारलं.

गंधालीने सूक्ष्मदर्शकातून मान वर केली. “भट्टीतल्या वायूमुळे पृष्ठभागाजवळचं बोरॉन निघून जातं. कातडीत जाळं धरतच नाही. मी हे वाचलं होतं, ताई. चाचणीच्या पट्ट्यांतही कडेला बारीक पट्टा दिसला होता मला. पण पट्टी जाड असते. टोक इतकं पातळ आहे की ते सगळं कातडीच आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.” तिने टोकाची वडी उचलून हातात धरली. “मी तुम्हाला जाळं बघा म्हटलं. कुठे बघा ते म्हटलंच नाही.”

“कुठे बघायचं ते मला ठाऊक होतं,” नीलाताई म्हणाल्या. “मला वाटत होतं, ठाऊक आहे.”

सुबोधसरांनाही त्यांनी दाखवलं. सरांनी चष्मा काढून बघितलं, मग चष्मा घालून बघितलं. मग त्यांनी तिथूनच ग्राहकाला फोन लावला आणि त्या खेपेचा सगळा माल परत मागवला. ते भांडले नाहीत, कुणावर ढकललं नाही. हे लिहायला हवं, म्हणून लिहितो.

घरी सांगायचं राहिलं होतं. सुयोगला दवाखान्यातून सोडलं होतं. तो डाव्या हाताने चमच्याने जेवायला शिकत होता. मंडळातले दोघे येऊन गेले होते. त्यांनी आग्रह केला की, “पखवाज नाय तर नाय, झांज घे, ये तर खरा.” सुयोग हसला होता. “मंडळात झांज रिटायर झालेल्याला देतात रे. मी एवढो म्हातारो झालंय काय?” ते गेल्यावर त्याने दीप्तीला पखवाज माळ्यावर टाकायला सांगितला. दीप्तीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पखवाज कपाटाच्या बाजूलाच राहिला, लाल गवसणीत.

“सुयोग,” नीलाताई जेवताना म्हणाल्या, “तो खटका आमचा होता.”

“आमचा म्हणजे?”

“आमच्या कारखान्यातला. मी पास केलेला.”

दीप्तीचा हात भाताच्या पातेल्यात थांबला.

सुयोगने चमचा ताटात ठेवला. “तू बघून पास केलंस ना? न बघता तर नाय?”

“बघून. पण चुकीच्या जागी बघितलं. टोक बघितलं, मूळ नाही.” त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यात सूक्ष्मदर्शकाचा फोटो होता.

त्याने तो डाव्या हातात घेतला आणि बराच वेळ बघितला. “हे पांढरं?”

“हो. त्यावरूनच तुटला.”

“दिसता मात्र बरा. जाळीच्या पडद्यासारखा.” त्याने मोबाइल परत दिला. मग म्हणाला, “ताई, माका वाटत होता माझीच चूक. पुठ्ठा काठीने काढायचो, हात कशाक घातलो, म्हणून रोज स्वतःक शिव्या घालतंय. पडल्या पडल्या तेवढाच चाललेला डोक्यात.” तो थांबला. “म्हणजे तसा नाय होता.”

“नाही. तुझी काही चूक नव्हती.”

“बरा झाला सांगितलंस.” आणि त्याने पुन्हा चमचा उचलला.

तो चिडला असता तर बरं झालं असतं, असं नीलाताईंनी मला नंतर सांगितलं. तो चिडला नाही. त्या रात्री तो दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा शांत झोपला. दीप्ती मात्र नीलाताईंशी बोलेनाशी झाली. सकाळी डबा भरून ओट्यावर ठेवलेला असायचा, नेहमीसारखा, भाजीसुद्धा आवडीची. पण “ताई, डबा” अशी हाक यायची नाही. एकदा मात्र ती बोलली. भांडी घासता घासता, पाठ न वळवता: “त्यांचं ओझं तुम्ही काढलंत ते बरं केलंत. पण मी कुणावर चिडू, तेवढं सांगा. तुमच्यावर चिडायला गेले की तुम्हीच त्यांना वाढवलंत हे आठवतं.” नीलाताईंनी पुढे होऊन घासलेली भांडी विसळायला घेतली. दीप्तीने घेऊ दिली.

लॅबमध्ये आता नियम बदलला आहे. प्रत्येक खेपेतल्या खटक्याचे तीन तुकडे होतात: टोक, मध्य, मूळ. गंधालीने बोरॉन पुन्हा कमी केलं, दुसरी एक पावडर जोडीला घेतली, आणि बाहेरच्या लॅबमध्ये पट्ट्या तोडून निकाल आल्याशिवाय पेटी हलत नाही. आताचा खटका चांगला आहे. मुळाशी पांढऱ्या रेघा येतात, पण तुटक, ठिपक्या-ठिपक्यांच्या. झटका पेलतो. नीलाताई मूळ बघताना कधीकधी इतका वेळ डोळा लावून बसतात की मला हाक मारावी लागते. एकदा म्हणाल्या, “इतकंसंच कमी हवं होतं रे. इतकंसंच.”

परत मागवलेला माल आला. पेट्या आल्या, बसवलेले गिअरबॉक्सही बरेच उघडून खटके बदलून झाले. पण सगळे सापडले नाहीत. काही खटके ग्राहकाने सुटे स्पेअर म्हणून दुकानांना विकले होते. दुकानांनी मेकॅनिकांना विकले. मेकॅनिकांनी ते कुठल्या शटरमध्ये घातले, हे मेकॅनिकांनाही आठवत नाही. मुलुंडमध्ये असतील, घाटकोपरला असतील, बोरिवलीला असतील. सुबोधसर म्हणाले, “जेवढं हातात होतं तेवढं केलं.” ते खोटं नव्हतं.

नीलाताई संध्याकाळी कारखान्यातून चालत घरी जातात. वाटेत गाळे आहेत, हार्डवेअरची दुकानं, टेम्पो लागलेली गोदामं. बंद व्हायच्या वेळेला त्यांचा वेग कमी होतो. साखळी वाजली की त्या थांबतात. आधी नुसत्याच बघायच्या. आता आतला खटका कुठला, कधी बसवला ते विचारतात. बहुतेकांना त्या शटर कंपनीच्या एजंट वाटतात. कुणी हसतं, कुणी हात जोडतं.

परवा मी त्यांच्याबरोबर होतो. एका टाइल्सच्या दुकानाचा म्हातारा मालक साखळी ओढत होता. शटर छातीइतकं खाली आलं होतं आणि दुकानातली एक मुलगी खाली वाकून पायपुसणं आत सारत होती. नीलाताई रस्ता ओलांडून सरळ त्याच्याकडे गेल्या.

“काका, जरा थांबवा. तिला बाहेर येऊ द्या आधी.”

मुलगी बाहेर आली. म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला.

“काय झालं बाई?”

“काही नाही. ह्याचा खटका कधी बदलला होता?”

“बदलला असेल वर्षभरापूर्वी. मेकॅनिक आलेला. मस्त चालतंय, बघा ना.” त्याने साखळी सोडून दाखवली. शटर जागच्या जागी थांबलं. “तुम्ही कुठल्या कंपनीच्या?”

नीलाताई मान वर करून गिअरबॉक्सच्या पत्र्याच्या बंद डब्याकडे बघत होत्या.

“काका,” त्या म्हणाल्या, “आत कुठला बसवलाय तो? कुणी उघडून बघितलंय का?”